नायिकेला दिलेलं नाव

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्याला मास्तरकी मिळाली आणि मला कादंबरी लिहायचं खूळ लागलं. लढाईमुळं कागद मिळेना, म्हणून पोरांच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर मी लिहीत बसे. बायको वलगावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मेथी निवडता निवडता ती ऐके.

नायिकेला नाव सुचेना. लग्नात तांदळावर मी बायकोचं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून तिचं माहेरचं नाव रिकामंच पडलंय, असा माझा समज. तेच नायिकेला देऊन टाकलं. विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? आणि नायिका शेवटी तापानं मरणार, हे तर पहिल्या पानापासून ठरलेलं.

ते मरणाचं प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा तिनं भाजी बाजूला सारली.

"तिले मारू नका. ते नाव मले अजून लागते. माय त्याच नावानं हाक मारते."

माझा राग नाकावर. कादंबरीतलं तुला काय कळतं, म्हणालो आणि वह्या गुंडाळल्या. ती पुन्हा ऐकायला बसली नाही. मीही समजूत काढायला गेलो नाही, एवढा मोठा लेखक ना मी!

दुसऱ्या वर्षी ती तापानंच गेली. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. सासूबाई तिला त्याच नावानं हाका मारत होत्या आणि मला मान वर करवत नव्हती. माझ्या लिहिण्यानं ती गेली नाही, हे मला कळतं. कळून काय उपयोग?

वर्षभर वह्यांना हात लावला नाही. घरात बोलायला कोणी नाही, रविवार तर खायला उठायचा. अशाच एका रविवारी लाल शाई घेतली आणि शेवटचं प्रकरण सगळंच्या सगळं खोडलं. नायिकेचा ताप उतरवला, तिला उठून बसवलं, पेज पाजली. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग पुढं लिहायला घेतलं. तिला तिशीत आणलं, दोन लेकरं दिली. माहेराहून परतून ती दारात आली. नवरा खाटेवर बसलेला. आता तिनं काही बोलायला हवं होतं. तेवीस वर्षांच्या बायकोचं बोलणं मला पाठ होतं, पण तिशीतली ती नवऱ्याशी काय बोलली असती, ते मी कधी ऐकलंच नाही. बोलतं करून पाहिलं, तर तिच्या तोंडून माझीच मास्तरी वाक्यं यायची. लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.

त्या पानावर आता एकच वाक्य शिल्लक आहे, तेही नवऱ्याचं. कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो म्हणतो, "तुले न विचारता तुझं नाव घेतलं, चुकलं माझं."

ते मी खोडलेलं नाही. त्यावर ती काय म्हणते, ते मला लिहिता येत नाही.