सोलापुरात राहिलेलं रीळ

करमाळा ते सोलापूर हा काही प्रवास नव्हे, असं लोक म्हणतात. त्यांनी तो साठीनंतर, दुखरा गुडघा घेऊन, एसटीच्या मागच्या बाकावर बसून करून बघावा. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कानाचं यंत्र बिघडलं होतं. शेजारच्या वहिनींना त्यांच्याकडे बघायला सांगून मी सकाळीच निघालो. गेली चार वर्षं त्यांचं सगळं मीच करतो. खरं सांगायचं तर थकलोय. आणि मनात एक जुनी अढी आहे, तिनं जास्त थकवा येतो.

टेंभुर्णीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेलो. सोलापुरात दुकानदारानं यंत्र उघडून पाहिलं आणि म्हणाला, "चार वाजता या, काका." खानावळीत कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली) मिळाली. दातांना झेपेना, म्हणून आमटीत कुस्करून खाल्ली. उरलेला वेळ कुठे घालवायचा म्हणत पाय आपोआप जुन्या थिएटरकडे वळले.

मी नऊ वर्षांचा असताना आप्पांनी मला इथे सिनेमा दाखवला होता. त्याच्या चार महिने आधी आई पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली, ती गेलीच. सिनेमा भुताचा होता, तेव्हा फार गाजलेला. मध्यंतरानंतर आप्पा उठून गेले. थोड्या वेळानं पडद्यावर काहीतरी बिनसलं, लोक खुर्च्या आपटायला लागले, शिव्या सुरू झाल्या. शेजारची खुर्ची रिकामी. मी भोकाड पसरून रडलो. बऱ्याच वेळानं ते परत आले ते घामानं भिजून, आणि एक शब्द बोलले नाहीत. बाप घाबरून पळाला आणि मला टाकून गेला, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच. मी कधी विचारलं नाही.

थिएटरला कुलूप होतं. दाराशी चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. टपरीवाला म्हणाला, "ह्ये युसूफभाई. हितले जुने ऑपरेटर. थेटर बंद झालं, पन यांची ड्युटी चालूच हाय."

मी त्या सिनेमाचं नाव घेताच युसूफभाईंनी मोबाइल काढला. "बसा की. सगळा हाय यात."

चहा घेत आम्ही दोघं त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकलो. तोच पडका बंगला, तोच कुरकुरणारा झोपाळा. लहानपणी ज्याला भ्यालो तो भूत झालेला माळी आता चक्क दमलेला वाटला. मग मध्यंतरानंतर एक बाई हातात कळशी घेऊन विहिरीच्या काठावर आली.

"हे नव्हतं," मी म्हणालो. "हे मी पाहिलेलंच नाही."

युसूफभाईंनी सिनेमा थांबवला. "तुमी करमाळ्याकडचे काय?"

"हो."

"करमाळ्याचा एक मानूस वर केबिनमदी आला व्हता. धोतर, खांद्यावर टावेल. मागं बसलेल्यांकडून त्याला कळलं, फुडं बाई विहिरीत पडती म्हनून. हात जोडून म्हनला, पोराची आई तशीच गेलीया, तेवढं दावू नका. मी म्हनलो, पोराला भाईर न्या की. तर म्हनला, चार म्हैन्यांनी आज पयल्यांदा हसलंय ओ, उठवायला जीव हुईना."

"मग?"

"मंग काय, ते रीळच चढवलं न्हाय. फुडचं लावलं. पब्लिक आलं की दार तोडायला. आतनं कडी आमी दोघांनी धरलेली. मालकानं मला आठ दिवस घरी बसवलं."

मला पुढचा सिनेमा बघवेना. डोळे पुसले, ते त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. चार कधीच वाजून गेले होते; दुकानातून यंत्र घेतलं आणि एसटी गाठली.

परतीच्या गाडीत उभ्यानंच आलो. इतकी वर्षं मी ज्या रिकाम्या खुर्चीचा राग धरला होता, तिच्यावरचा माणूस वर दार धरून उभा होता. त्या रागाचं आता काय करायचं ते मोहोळ, टेंभुर्णी, जेऊर सगळं मागे पडलं तरी कळेना.

घरी दिवेलागण झाली होती. आप्पांच्या कानात यंत्र बसवलं.

"उशीर केलास लई."

"पिक्चर बघत बसलो. तोच, भुताचा. केबिनमधले युसूफभाई भेटले."

आप्पा म्हणाले, "माझ्यापायी लई बोलनी खाल्ली त्या मानसानं." मग त्यांनी विचारलं, "तवा एकटा घाबरला व्हतास का रं?"

या प्रश्नाला 'हो' हे उत्तर मी जन्मभर तयार ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

ते खाटेवर जरा सरकले आणि मला शेजारी जागा करून दिली.