विहिरीवरची हिरवी बत्ती

आमच्या विहिरीच्या कठड्यावर एक डबा बसवला आहे. त्यावर छोटीशी बत्ती आहे. पाणी चांगलं असलं की हिरवी, खराब असलं की लाल. सध्या ती रोज हिरवी असते, आणि तिच्याकडं पाहिलं की माझं डोकं फिरते.

घुग्घुसच्या बाजूचं आमचं गाव. कोळसा धुणारी वॉशरी गावाला लागूनच आहे, आणि तिचं काळं पाणी जिरते कुठं, तर आमच्याच जमिनीत. विहिरीच्या पाण्याला घासलेटासारखा वास यायला लागला, शिजवलेला भात करडा दिसायला लागला, तेव्हा गावानं बोंबाबोंब केली. मग एक साहेब आला. पोरगेलासा, बोलायला गोड. त्यानं एक लांब नळी वायरीला बांधून विहिरीत सोडली आणि आम्हा बायांना समजावून सांगितलं, "मावशी, हे पाण्यात उजेड टाकते. पाण्यात तेलाचा, कोळशाचा अंश असला का तो उजेड निराळा चमकून परत येते. बाटली भरून नागपूरले न्यायचं काम नाई. इथल्या इथीच समजते."

मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मी अंगणवाडीत जन्म काढला, बाया माझं ऐकतात. घरोघरी मीच सांगितलं, हिरवी असली तर भरा, लाल असली तर शाळेजवळच्या टाकीवर जा. टाकीच्या नळाला पाणी कधीमधी येते, तेही करंगळीएवढं. तरी लाल दिसली की बाया मुकाट घागर उचलून तिकडं जात.

त्याच उन्हाळ्यात सुनेला दुसरं बाळ झालं. पहिली पोरगी माहेरी झाली होती, हा मुलगा आमच्या घरी. सव्वा महिना झाला तशी आमच्या रीतीनं ती वाजतगाजत विहीर पुजायला गेली. कठड्याला हळदीकुंकवाची बोटं लावली, विहिरीची ओटी भरली, उरलेली वाटीभर हळद पाण्यात सोडली. संध्याकाळी बत्ती लाल! साहेब धावत आला. बादली काढली तर पाणी पिवळं. हसून हसून बेजार झाला. "हळदही उजेडात तशीच चमकते मावशी. मशीनले काय समजते?" आम्हीही हसलो. त्यानं नळी धुतली, पाणी उपसायला लावलं, आणि बत्ती हिरवी झाली.

ते हसणं आम्हाला फार महाग पडलं.

पाऊस सरला आणि बत्ती पुन्हा लाल झाली. या वेळी पाण्यावर तेलाचा तवंग होता, चांगला डोळ्यांनी दिसत होता. साहेबाला फोन केला तर म्हणाला, "कोणी विहीर पुजली असन." त्याच आठवड्यात टाकीचा पाइप फुटलेला. सगळ्यांनी विहिरीचंच पाणी प्यायलं, आमच्या घरीही तेच. बाळाच्या अंगावर फोड उठले, हगवण थांबेना. डॉक्टरनं पहिला प्रश्न केला, पाणी कुठलं पाजता? सुनेनं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी दोन्ही लेकरं घेऊन ती मोहर्लीला माहेरी निघाली. भांडली नाही. दारातून एवढंच म्हणाली, "आई, बत्ती महिनाभर हिरवी राह्यली का येतो." मोहर्लीकडच्या जंगलात उन्हाळ्यात वाघासाठी पाणवठ्यात टँकरनं पाणी टाकतात म्हणे. वाघाचं बरं आहे.

मी चंगच बांधला. हळदीचं निमित्त आहे ना? मग हळदच बंद. पुन्हा घरोघर फिरले. म्हाताऱ्या अंगावर आल्या. "काऊन वो, आमच्या सासवाइनं पुजली, आम्ही पुजली, आता तुह्या मशीनले इटाळ होते काय?" एकीनं तोंडावर दार लावलं. पण शेवटी ऐकलं बिचाऱ्यांनी. त्या वर्षी ज्या बाळंतिणी झाल्या त्यांनी अंगणातच घागर मांडली आणि तिला कुंकू लावलं. कठड्यावरची जुनी बोटंही मी स्वतः घासून काढली. त्यात माझ्या सुनेचीही होती. घासताना रडू आलं मला.

तरी बत्ती लालच झाली.

साहेब आला तेव्हा मी कठड्यापाशीच उभी होते. म्हटलं, "साहेब, यंदा विहीर कोणीच पुजली नाई."

"चोरून टाकली असन हळद."

"चोरून? अरे, विहीर पुजाले बाळंतीण बाजा लावून येते! आन् हळदीले घासलेटाचा वास येते काय? घे, हुंग!" बादली मी त्याच्या नाकासमोरच धरली.

त्यानं मान मागं घेतली. "मावशी, मले वरून सांगून राह्यले. या गावात हळद टाकतात, त्या हिशोबानं मशीन सेट कर म्हणते."

त्यानं लॅपटॉप उघडून कठड्यावर ठेवला, काहीबाही दाबलं. आता थोड्याथोडक्यानं लाल होणार नाही म्हणे. माझ्या डोळ्यांदेखत बत्ती हिरवी झाली. पाणी तेच, वास तोच. मी चहा विचारला तर मेला नको म्हणाला. गाडीत बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला.

तेव्हापासून हिरवीच आहे. बाया खुशाल घागरी भरतात. मी नको म्हटलं तर माझंच मला ऐकवतात, "तुम्हीच तं सांगतलं होतं न बाई, हिरवी असली का भरा."

पोरगा बायकोलेकरांवाचून झुरणीला लागला होता. तो रोज बत्तीचा फोटो काढून बायकोला पाठवत राहिला. परवा आनंदानं घरात आला. "आई, महिना झाला. उद्या येऊन राह्यली ते. तू काई बोलू नको." मी तरी कशाला बोलते? माझाच जीव त्या लेकरात अडकलेला. घर सारवलं, माळ्यावरचा पाळणा काढला, पाळण्याचं कापड धुवायला बादली भरून घेतली. कापड बुडवलं आणि तो वास आला.

ओले हात लुगड्याला पुसून मी मोहर्लीला फोन लावला. नातीनं उचलला.

"आजी, बत्ती हिरवी झाली न? बाबानं फोटो धाडला."

"हो वं माय, हिरवी हाये."

"मंग आम्ही उद्या येऊन राह्यलो!"

"तुह्या आईले सांग," मी म्हटलं, "आजी येऊ नको म्हणते."