झुंबराखालची जोडी

आमचा सीझन आषाढात सुरू व्हायचा आणि तुळशीच्या लग्नाला संपायचा. बॅडमिंटनचा सीझन म्हणते मी. लोकांना चातुर्मास म्हणजे लग्नं बंद, आणि आम्हा दोघींना चातुर्मास म्हणजे हॉल रिकामा. बारामतीच्या बाहेर इंदापूर रस्त्याला एक मंगल कार्यालय आहे, तिथं आम्ही खेळायला शिकलो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुण्यातल्या पोरीही आधी हसल्या होत्या. मग आमच्याशी खेळल्या आणि हसायच्या थांबल्या.

मी पणदऱ्याची, घरी ऊस आणि गाई. माझी जोडीदार इंदापूरकडची, घरी पेरूची बाग. दोघी बारामतीत एकाच शाळेत. शाळेला मैदान होतं, पण वाऱ्यात फूल कुठल्या कुठं जायचं. शटल म्हणतात त्याला, आमच्याकडं फूलच. मग आमच्या खेळाच्या बाईंनी कार्यालयाच्या मालकाला गळ घातली. मालकाला सगळा तालुका तात्या म्हणतो. तात्या म्हणाले, "मुहूर्त नसंल तवा खेळा, माझं काय न्हाय. पण झुंबराला हात लागता कामा न्हाय. एक लोलक जरी पडला तरी त्याच दिवशी जाळी गुंडाळायची."

झुंबर म्हणजे तात्यांचा जीव. छत मुळातच बुटकं, त्यात हे भलंमोठं काचेचं झुंबर बरोब्बर जाळीच्या वर लोंबत होतं. म्हणून बाईंनी नियमच केला. फूल वर झुंबराकडं निघालं की जिला आधी दिसेल तिनं "झुंबर" म्हणायचं. म्हटलं की आम्ही दोघी आणि समोरच्या शाळेतल्या दोघी, चौघींनी रॅकेट खाली घ्यायची, फुलाला कुणी शिवायचं नाही, आणि जिनं ते वर मारलं तिचा पॉइंट गेला. असं कितीतरी वर्षं खेळलो. त्यामुळं आम्हाला उंच मारणं माहीतच नव्हतं. आमचं फूल जाळीला घासून जायचं, समोरच्याच्या छातीवर जायचं. स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांवर आमच्या बॅगा असायच्या, आणि आम्ही खाली वाकून वाकून खेळायचो.

लग्नाच्या दिवसांतही मधेच एखादी सकाळ मोकळी मिळायची. पण आदल्या दिवशीच्या अक्षता सगळीकडं पडलेल्या असायच्या. बुटाखाली तांदूळ आला की पाय सटकलाच म्हणून समजा. त्यामुळं आधी हॉल झाडायचा, मग खेळायचं. झाडण्यावरून आमची रोज भांडणं. एकदा आम्ही झाडत असताना वऱ्हाडातली एक बाई विसरलेला डबा न्यायला आली. आमच्याकडं बघून म्हणाली, "झाडा गं पोरींनो नीट, उद्या तुमचीबी लग्नं हितंच लागायची." माझी जोडीदार मान वर न करता म्हणाली, "लागू द्या की मावशी. पण जाळी काढू देणार न्हाय."

ही अशी. उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण जाळीपाशी तिच्यापुढं फूल टाकायची छाती कुणाची नव्हती. मी मागं, ती पुढं. मी मारायचे आणि ती संपवायची.

राज्याच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या चारांत आलो, आणि पुण्यात आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा होणार होती तिच्यात मुलींच्या दुहेरीला आमचं नाव लागलं. त्याच राज्य स्पर्धेत पुण्यातल्या एका अकादमीच्या सरांनी आम्हाला पाहिलं. आम्हाला म्हणजे मला. एक दिवस ते गाडी करून पणदऱ्याला घरी आले. आईनं चहा टाकला, कपांचा ट्रे माझ्या हातात दिला. सरांनी माझी उंची विचारली, डोळ्यांना चष्मा आहे का विचारलं, पुढं काय शिकणार विचारलं. कांदेपोहे तेवढे राहिले होते.

"आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला जोडीदार हवी आहे," सर पप्पांना म्हणाले. "तुमच्या मुलीला उंची आहे, खांदा आहे. आताची जोडीदार चांगली आहे, नाही असं नाही. पण ती इथवरच येणार. हिलाही इथंच अडकवेल."

पप्पा जरा घुटमळले. "दोघी ल्हानपणापास्नं बरोबर हायत, सर."

"मग असं करू. पुण्याची स्पर्धा दोघींना खेळू द्या. पहिली फेरी जिंकल्या तर मी परत या दारात येणार नाही. हरल्या तर ही माझ्याकडे."

"ठरलं," पप्पा म्हणाले.

मी ट्रे धरून तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही. मी गप्प राहिले. आमच्याकडं पोरगी गप्प राहिली की होकार धरतात, आणि तेव्हाही तसाच धरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण पाहुण्यांपुढं बोलायचं नाही हे वळण हाडात मुरलेलं.

दुसऱ्या दिवशी हॉलवर मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, "मग जा की."

"काय?"

"जा म्हणते. मी काय, बागेत जाईन. पेरू काय पळून चाललेत व्हय?"

मला तिचा इतका राग आला की त्या दिवशी मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. कारण मला माहीत होतं, मी गेले तर तिचा खेळ संपला. बारामती-इंदापुरात तिच्या तोडीचं आणखी कोण होतं तिच्याबरोबर खेळायला? दुहेरीत एकटी म्हणजे चिमट्याचं एकच पातं, त्यानं निखारा उचलत नाही. आणि हे तिलाही माहीत होतं, तरी वर तोंड करून "जा" म्हणत होती.

पुण्यातला तो हॉल बघितला तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघींनी वर बघितलं. छत कुठं आहे तेच कळेना. पहिल्याच फेरीत समोर थायलंडच्या दोघी, एकीच्या मनगटाला लाल दोरा, दोघी चांगल्या उंच. प्रेक्षकांत बाई आणि पप्पा. आणि कोर्टाच्या मागं खुर्चीवर आमचे कोच म्हणून तेच अकादमीचे सर. आमच्या राज्याच्या सगळ्या पोरींचे कोच तेच होते, करता काय.

सुरुवात बरी झाली. आणि मग त्या लाल दोऱ्यावालीनं फूल उचललं. उंच, सरळ वर. ते जाळीच्या डोक्यावर गेलं आणि आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, "झुंबर."

म्हणालो आणि रॅकेट खाली घेऊन उभ्या राहिलो. फूल आरामात खाली आलं, आमच्या दोघींच्या मधे टप्प पडलं. पंच आमच्याकडं बघायला लागला. त्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. राज्य स्पर्धेतही एकदा असं झालं होतं, पण तेव्हा आम्ही पुढं होतो, हसून सोडून दिलं होतं. हे हसून सोडण्यातलं नव्हतं.

त्या पोरी काही येड्या नव्हत्या. त्यांना कशामुळं ते कळलं नाही, पण काय करायचं ते कळलं. मग प्रत्येक फूल वर. कधी मी रॅकेट खाली घ्यायचे, कधी ती. घ्यायची नाही म्हणून ठरवलं तरी हात अर्धा क्षण अडकायचाच, आणि तेवढ्यात उशीर व्हायचा. पहिला गेम गेला, आणि लाज वाटेल असा गेला.

मधल्या वेळात सर आले. म्हणाले, "हे काय लावलंय? झुंबर काय, झुंबर? नाचता येईना अंगण वाकडं. हॉल मोठा आहे, तुम्हीही उचला. उंच मारा, मागे ढकला त्यांना." मग फक्त माझ्याकडं बघत म्हणाले, "तू मार. तिला पुढं नुसती उभी राहू दे."

माझं डोकं सटकलं. आमचं अंगण वाकडं नव्हतं, बुटकं होतं. आणि त्या बुटक्या अंगणात आम्हाला नाचता येत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात जोडीदारानं माझा टी-शर्ट ओढला आणि मला बाजूला घेतलं.

"उचलायचं न्हाय," ती म्हणाली. "फूल खाली गेलं की त्या उचलत्यात. मग खाली जाऊच द्यायचं न्हाय. छातीवर मार. हॉलवर मारतीस तसं."

"आणि वर गेलंच तर?"

"तर मार. आणि आता जी झुंबर म्हणंल तिनं पुढचा अख्खा सीझन हॉल झाडायचा."

मला त्या सगळ्यात हसू आलं. सर बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, या पोरींना सामन्याचं काही गांभीर्य नाही. गांभीर्य होतं. हरलो तर आम्ही एकत्र खेळत असलेला हा शेवटचा गेम होता, हे मला एक क्षणही विसरता येत नव्हतं.

दुसऱ्या गेममध्ये आम्ही कार्यालयातला खेळ काढला. खाली वाकून, जाळीला घासून, सगळं त्यांच्या छातीवर, खांद्यावर, रॅकेटच्या हातावर. उंच पोरींना स्वतःच्या अंगावर आलेलं फूल काढता येत नाही, जागाच सापडत नाही. त्यांनी कसंबसं परत केलं की पुढं ही उभीच, आणि मग त्या फुलाचं काही खरं नाही. एकदा मात्र फूल वर गेलं आणि माझ्या तोंडातून "झुं" एवढं निघालं. तिनं मागं वळून बघितलं. मी बाकीचं गिळलं आणि फूल मारलं. पॉइंट आमचा. तो गेम आम्ही घेतला. मघाशी हसणारे आता टाळ्या वाजवत होते, आणि मला त्यांच्या टाळ्यांचाही रागच आला.

तिसरा गेम शेवटपर्यंत बरोबरीनं गेला. शेवटी त्यांच्याकडं मॅच पॉइंट आला. लाल दोऱ्यावालीनं फूल उचललं, आख्ख्या सामन्यातलं सगळ्यांत उंच. मी फुलाखाली गेले, थांबले, वाट बघितली. हात अडकला नाही. जोर लावून मारलं, आणि फूल रेषेच्या जरासं बाहेर पडलं. लाइनवरच्या माणसानं दोन्ही हात पसरले.

हरलो. शेवटचा फटका माझा होता, आणि तसंच फूल वर आलं तर आजही मी तसंच मारीन.

हात मिळवले, बॅगा उचलल्या. बाहेर पप्पा आणि बाई उभे होते. सर आले, आणि खरं सांगायचं तर प्रेमानं बोलले. "चांगल्या खेळलात. दुसरा गेम तर फारच. पण शेवटी ठरलं ते ठरलं. सोमवारपासून हिला पाठवा."

पप्पांनी मान खाली घातली. शब्द दिलेला माणूस, काय बोलणार? माझी जोडीदार मला म्हणाली, "जा. मी सांगितलंय तुला." आणि टॉवेलात तोंड घालून पुसायला लागली. घाम एवढा वेळ पुसावा लागत नाही.

मी सरांना म्हणाले, "मी नाही येणार."

"अगं, ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय. तुम्ही बोललात, पप्पा बोलले. मी कुठं बोलले होते? मी चहाचा ट्रे धरून उभी होते."

"संधी परत येत नाही. नीट विचार कर."

"केला. मघाशी, दुसऱ्या गेमात."

पप्पांनी वर बघितलं. मला वाटलं आता मला सगळ्यांसमोर ऐकवणार. मग सरांपुढं हात जोडून म्हणाले, "माझंच चुकलं, सर. पोरीला इचारायला पायजे हुतं." सर निघून गेले. त्यानंतर अकादमीकडून आम्हाला कधी बोलावणं आलं नाही, काही निवडींत नाव यायला हवं होतं तिथंही आलं नाही. लोक अजून म्हणतात, पोरीनं पायावर धोंडा पाडून घेतला. पाडून घेतला असेल. पाय माझा आहे.

परतीच्या गाडीत मी आणि ती मागं बसलो होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्यावर इतकं चिडलेलं मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"येडी हायस तू," ती म्हणाली. "पार येडी. कुणी सांगितलं हुतं तुला?"

भिगवण मागं पडलं, गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना ऊस. मग तिनं मोबाइल काढून बाईंच्या मेसेजमध्ये काहीतरी बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"उद्या संध्याकाळचा मुहूर्त हाय," ती म्हणाली. "सकाळी हॉल मोकळा हाय. मी पहिल्या एसटीनं येती."

"बरं."

"आणि लवकर ये जरा. झाडायचं तुझ्याकडं हाय."

"मी पूर्ण म्हणाले नव्हते. नुसतं झुं म्हणाले."

"झुं म्हणजेबी झुंबरच," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.