तीन चिठ्ठ्या आणि आठवीचा प्रवेश

आमच्या घराण्यात पोरांची शाळा आईबाप निवडत नाहीत, मोरगावचा गणपती निवडतो.

तीन शाळांच्या तीन चिठ्ठ्या करायच्या, तांब्यात टाकायच्या आणि देवळाच्या ओवरीत पोरानं एक उचलायची. माझ्या आठवीला अशीच चिठ्ठी निघाली: ‘कन्हेरी’. म्हणजे आमचंच गाव! मला तर बारामतीच्या शाळेत जायचं होतं, कारण तिथं बँड होता आणि मला ढोल वाजवायचा होता. पण देवापुढं बोलणार कोण? दहावीत इंग्रजीत माझी दांडी उडाली, तेव्हा मात्र मी मोरगावला जाऊन देवाला तोंडावर सुनावून आलो, “तूच पाठवलंस ना तिकडं? आता तूच निस्तर!”

यंदा माझी लेक प्राजू आठवीत जाणार होती आणि घरात रोज लढाई होती.

“गावातली शाळा काय वाईट हाय?” वडील, म्हणजे आमचे आबा, गरजायचे. “आपला ऊस आपल्या कारखान्याला, आपली पोरं आपल्या शाळंला! सभासद हाय आपण!”

“आबा, शाळेत गाळप नसतं हो!” मी म्हणायचो. मला बारामतीच हवी होती. (मागं आमच्या उसाच्या फडात आलेल्या एका साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. तेव्हाच ठरवलं होतं, पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही.)

“इंदापूरला माझा भाऊ हाय,” बायको सुनंदा भाकरी थापता थापता ठणकावायची. “इंदापूरच्या शाळंत शिकला, आता लोणी देवकरला कंपनीत सुपरवायझर हाय. तुमच्या खानदानात हाय का कुणी सुपरवायझर?”

शेवटी आबांनी फर्मान काढलं, “चला मोरगावला!”

अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी तिन्ही चिठ्ठ्यांवर ‘बारामती’ लिहिलं! (देवाला थोडी मदत केली, एवढंच.) घड्या घालून देव्हाऱ्यात ठेवल्या आणि निवांत आंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर सुनंदा देव्हाऱ्यापुढं डोळे मिटून उभी. ती हलली तशी प्राजू जाऊन बसली! एरवी हिला आरतीला बोलवून घसा बसतो. मला भरूनच आलं. म्हटलं, काय ही भक्ती!

मोरगावला एसटीतून उतरलो, दर्शन घेतलं, ओवरीत बसलो. आबांनी तांब्या हलवला. प्राजूनं चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली.

“कन्हेरी!”

“कसं शक्य हाय?” माझ्या तोंडातून निसटलं.

“का रं? देवाला शक्य न्हाय व्हय?” आबा खूश!

आता बोलायचं काय? ‘तांब्यात कन्हेरी नव्हतीच’ म्हणावं, तर मला कसं ठाऊक? सुनंदाकडं बघितलं, तर तिचाही चेहरा पडलेला. शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, “राहिलेल्या दोन बगा की, बाबा.”

“नको!” आम्ही चौघं एकदम ओरडलो!

चौघं! मी का ओरडलो ते मला माहीत होतं. पण बाकीचे तिघं का?

“सुनंदा, खरं सांग,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

“मी उघडून बघितल्या तर तिन्हीवर बारामती! मग काय करायचं मानसानं? मी तिन्हीवर इंदापूर लिहिलं.”

“आणि मी शेवटी गेले,” प्राजू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पप्पा, आपल्या शाळेत मुलींची कबड्डीची टीम झालीय. माझ्या सगळ्या मैत्रिणी हायत टीममध्ये. तुमी तिघं महिनाभर भांडताय, पण मला एकानं तरी इचारलं का?”

मला एकदम माझा ढोल आठवला. मलाही कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, “जा बाई, खेळ कबड्डी. गावातच जा.” सुनंदानं पदरानं तिचे डोळे पुसले.

“पण आबा, तुमी का ओरडलात? तुमी तर चिठ्ठ्यांना हातबी लावला न्हाय!”

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “राहिलेल्या चिठ्ठ्या उघडायच्या नसत्यात, बाबा. तुझ्या टायमाला मी उघडू दिल्या व्हत्या का?”

म्हणजे? तेव्हाही तिन्ही...?

आबा दूर कळसाकडं बघत राहिले.

आणि मी तीस वर्षं माझ्या इंग्रजीचं खापर त्या बिचाऱ्या गणपतीवर फोडत आलो होतो! मुकाट्यानं उठलो, परत रांगेत उभा राहिलो, गाभाऱ्यापुढं कान धरले आणि म्हणालो, “सॉरी!”

तेवढं इंग्रजी गावच्या शाळेनं शिकवलं होतं.