घोंगडीतलं पिल्लू

मोबाईलवर एक रील बघितली आणि मला ही दुर्बुद्धी सुचली. कुणीतरी म्हाताऱ्या बापापुढं खोकं ठेवतं, झाकण उघडतं, आतून कुत्र्याचं पिल्लू मान वर काढतं आणि बाप लेकरासारखा रडायला लागतो. मी परळीत माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मी आपली बघतेच आहे. ओटा पुसता पुसता ठरवून टाकलं, आप्पांना पिल्लू द्यायचं. कुणाला न सांगता, एकदम.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, माझ्या थोरल्या भावानं कळप विकून टाकला, आणि आप्पा नांदूरघाटाजवळच्या आमच्या घरी पडवीत बाजेवर बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले होते, गुडघा ठणठणीत आहे, चालवा. नाही चालवला तर आखडेल आणि माणूस कायमचा खाटेला लागेल. पण चालणार कोण? आप्पा उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखे रस्त्याकडं बघत बसायचे. आई असती तर दोन शिव्या हासडून तिनं उठवलं असतं, पण तिला जाऊनही वर्षं झाली. मी फोनवर विचारायचे, चाललात का आज. ते हो म्हणायचे आणि मागून दादा ओरडायचा, कुठं चालतेत, मोरीपर्यंत गेले तेवढंच. हा माणूस असा बसल्या जागी विरून जाणार, ही धास्ती माझ्या पोटात घर करून बसली होती.

कळप गेला त्या दिवशी आमचं कुत्रंही मेंढरांसोबत निघून गेलं होतं. ते कुणी विकलं नव्हतं बरं का, आपणहून गेलं. म्हटलं, कुत्र्यानं केलेला खड्डा कुत्र्यानंच बुजेल. लई शहाणी मी!

थंडीचे दिवस होते. माहेरी जाताना, घराच्या थोडं अलीकडंच, रस्त्याकडेच्या एका रिकाम्या रानात कळप बसलेला दिसला. आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी असे कळप रानात बसवून घेतो. मेंढरांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, मेंढपाळाला त्याबदल्यात जवारी मिळते. मी रिक्षा थांबवली. मेंढपाळाची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. मावशी म्हणून हाक मारली आणि पिल्लू आहे का विचारलं. होतं. काळंभोर, कोकरांच्या घोळक्यात कोकरासारखंच पाय पोटाशी घेऊन झोपलेलं. मावशी जरा घुटमळली. म्हणाली, याचे डोळे मेंढरांतच उघडलेत, घरात करमंल का याला. मी म्हटलं, मावशी, माझा बाप तुमच्यातलाच आहे, त्याच्याकडंच चाललंय. मग तिनं दिलं.

आता हे तिनं सांगायची गरज नव्हती. राखणीचं पिल्लू कोकरांतच वाढवतात, म्हणजे ते मेंढरांनाच आपलं गणगोत समजतं, हे मी परकर नेसायच्या वयापासून बघत आलेली. पण डोक्यात रील बसली होती ना.

पिल्लाला घरून आणलेल्या मिक्सरच्या खोक्यात घातलं. माझ्या लेकीची लाल रिबीन पर्समध्ये होती, ती वरून बांधली. घरी पोचल्यावर दादाला म्हटलं, मोबाईल धर, शूटिंग कर. खोकं आप्पांच्या पायाशी ठेवलं. उघडा म्हटलं, तर ते नुसतेच बघत राहिले. शेवटी रिबीन मीच सोडली. पिल्लू बाहेर आलं, धडपडलं, नाक वर करून हुंगलं आणि मधे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना सोडून थेट आप्पांकडं गेलं. बाजेवरून लोंबणारी घोंगडी त्यानं दातात धरली, वर चढायला बघायला लागलं. आप्पांनी वाकून उचललं. ते घोंगडीत शिरलं आणि नाक खुपसून झोपूनही गेलं. आप्पांचा हात त्याच्या पाठीवर आला. रीलमधल्या बापासारखे ते काही रडले नाहीत, मीच रडले. वहिनीनं शिरा केला.

ती दुपार मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखीच आठवते. उन्हात तुरीच्या भुसकाटाचा वास होता. आप्पांची बोटं पिल्लाच्या मानेतून सावकाश फिरत होती आणि मी उंबऱ्याला टेकून बसले होते. डोळे मिटत होते, उघडत होते. उघडले की पडवी दिसे, मिटले की मी एवढीशी होऊन कुठल्यातरी उघड्या माळावर कोकरांच्या उबेत पडलेली असे. आई कुठंतरी हलक्या आवाजात बोलत असे. काय बोलत होती ते कळत नव्हतं आणि कळायला हवंय असंही वाटत नव्हतं. सगळं जागच्या जागी आल्यासारखं वाटत होतं. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

दिवस मावळला आणि पिल्लू रडायला लागलं.

दूध दिलं, तोंड फिरवलं. शिरा दिला, हुंगलाही नाही. घोंगडीतून बाहेर पडून दारात गेलं आणि रस्त्याकडं तोंड करून असं काही रडायला लागलं की शेजारीण विचारायला आली. दादा वैतागला. मी म्हणाले, नवं घर आहे, सवय होईल. सवय न व्हायला काय झालं, मी सासरी गेले तेव्हा मला नाही झाली? असं मी सकाळपर्यंत ज्याला त्याला ठणकावत होते.

सकाळी उठून बघते तर आप्पा बाजेवर बसलेले, पिल्लू मांडीवर, दोघांचेही डोळे लाल. मी चहा पुढं केला आणि म्हटलं, बघा, कसं तुमच्याकडंच आलं काल, एवढ्या माणसांत तुम्हालाच ओळखलं त्यानं.

"माझ्याकडं न्हाई आलं, माय," आप्पा म्हणाले. "घोंगडीकडं आलं. मेंढरांचा वास हाय तिला."

मला रागच आला. एवढ्या हौसेनं आणलं, कौतुकाचा एक शब्द नाही. मी फणकारले, रडतंय तर रडू द्या दोन दिवस, काय मरत नाही.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. कितीतरी महिन्यांनी नीट बघितलं.

"कळपातून काढून ह्याला माझ्यापशी आणलंस. आता आमी दोघांनी मिळून रडत बसावं का?"

आप्पा रडतात हेच मला ठाऊक नव्हतं. कळप गेला तेव्हा ते गप्प होते, आणि गप्प आहेत म्हणजे सोसलंय, असं आम्ही धरून चाललो होतो. मला माझीच शरम वाटली.

त्यांनी पाय खाली सोडले. पिल्लाला घोंगडीत गुंडाळून काखोटीला मारलं, काठी घेतली आणि निघाले. दादाला गाडी काढायला सांगते म्हटलं, तर ऐकूच आलं नाही त्यांना. मी चपला न घालता मागं धावले.

धुकं असं पडलं होतं की चार पावलांवरची बाभळ नुसती काळी खूण वाटत होती. दोन्हीकडं दवानं वाकलेली जवारी. आप्पांचा काळा आकार माझ्यापुढं कधी दिसायचा, कधी नाहीसा व्हायचा. मधेच ते थांबायचे, गुडघ्यावर हात दाबायचे, त्या थंडीतही मानेवर घाम. मी काही बोलायला गेले की हात वर करायचे. ते कान देऊन ऐकत होते. मग मलाही ऐकू आली, धुक्यात कुठंतरी एक बारीक घंटा, मग दुसरी. पिल्लू घोंगडीत वळवळायला लागलं.

कळप दिसला नाही, आम्ही एकदम कळपातच होतो. उबदार, ओलसर लोकर दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होती. पिल्लानं उडी मारली आणि कोकरांत गेलं ते पुन्हा वेगळं ओळखू आलं नाही. आप्पा मधोमध उभे. मेंढरं फाकली, त्यांना वाट दिली आणि मागून पुन्हा मिटली. त्यांनी वाकून एका मेंढीचा पाय उचलला आणि मेंढपाळाला म्हणाले, "पाव्हणं, हिच्या खुरात काटा हाय." मेंढपाळानं काही न विचारता चिमटा पुढं केला.

काटा निघाल्यावर आप्पांनी त्याला आमच्या रानात कळप बसवायचं आवतण दिलं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवणाऱ्या माणसानं स्वतःच्या तुकड्यात पहिल्यांदाच कुणाची बसवून घेतली. दादा म्हणाला, खतच पाहिजे होतं तर पोती आणली असती. पण बाज रानात नेऊन टाकली त्यानंच. मी परळीला फोन करून मुक्काम वाढवला. आप्पा पहाटेपासून मेंढरांत. कोकरं प्यायला सोडायची, लंगडी तपासायची, मावशीच्या हातची भाकर उकिडवं बसून खायची. पिल्लू त्यांच्या आसपास असायचं, पण त्यांचं म्हणून नाही. ते कोकरांचं होतं आणि ते आप्पांना अगदी मान्य होतं.

मग रानातला मुक्काम संपला. सकाळी मेंढपाळानं भांडी, मेंढरं कोंडायच्या जाळ्या घोड्यावर लादल्या, चालता न येणारी कोकरं आणि आमचं पिल्लू झोळीत घातलं. मी आप्पांना न्यायला पुढं गेले, तर त्यांनी घोड्याचा दोर हातात धरलेला.

"मिरगाच्या आत येतो," ते म्हणाले. मिरग म्हणजे पावसाळ्याचं तोंड. म्हणजे अख्खा उन्हाळा.

दादा माझ्यावर उखडला. कुत्रं आणायला गेलीस आन् बाप घालवलास, म्हणाला. वाटेत काय झालं तर कोण बघणार, सांग त्यांना, तुझंच ऐकतेत. खोटं नव्हतं ते. आप्पा दोर धरून माझ्या तोंडाकडं बघत उभे होते. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी दोर सोडला असता, घरी येऊन बाजेवर बसले असते, आणि मग पुन्हा कधी उठले नसते. पिल्लू मी दिलं होतं ते त्यांनी माझ्याजवळ राहावं म्हणून. घरात, डोळ्यांपुढं, फोनच्या टप्प्यात.

"गोळ्या सोबत घेतल्या का?" मी विचारलं.

"तूच बांधून दे."

मी पदराचा काठ फाडून त्यात गोळ्या बांधल्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, वेगवेगळ्या गाठीत. त्यांनी त्या बंडीच्या खिशात घातल्या, घोड्याचा दोर ओढला आणि कळप हलला.

मी बांधावर उभी राहून हमसून हमसून रडले. दादा जवळ आला, पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, माझी चूक मला कळली. म्हणाला, आणू परत, काळजी नको करू. त्याला कसं सांगणार? धूळ उडत होती, घंटा वाजत होत्या आणि त्या धुळीत माझा बाप चालत होता.