हमिदाने तपासलेली रायफल

माझी बायको हमिदा कुठलंही भांडं घेताना आधी ते उन्हाकडे धरायची आणि आत डोळा घालायची. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जुन्या सामानाची दुकानं आहेत. तिथले पठाण तिला लांबून येताना बघूनच कपाळाला हात लावायचे. एकजण मला म्हणाला, "चाचा, आपकी बेगम पतीला लेने आयी है या एक्सरे निकालने?" माझ्याआधी तीच बोलली, "पतीला तुम्हारा बीमार है, मैं क्या करूं?" पातेल्याच्या बुडाला सुईएवढं भोक होतं.

ही सवय तिच्या बापाची. म्हसळ्याकडच्या एका गावात तो परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचा. रानडुकरं शेतात उतरायची, त्यामुळे गावोगाव एखादी बंदूक असायचीच. त्याला मुलगा नव्हता. हमिदा त्याच्या भात्यापाशी बसून वाढली. लग्न ठरलं तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही. स्वयंपाक चांगला करते, एवढंच सांगितलं. तेही खरंच होतं.

मी सहावीपर्यंत शिकलो. शारजात एका अरबी म्हाताऱ्याची गाडी तेवीस वर्षं चालवली. हमिदा त्याच घरात स्वयंपाकाला. दोघांचे व्हिसे त्याच्याच नावावर. त्याला मी अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. ती बाबा म्हणायची. आमच्या मुलाचं नाव सलीम, म्हणून तो तिला उम्म सलीम, म्हणजे सलीमची आई, म्हणायचा. माणूस भला, पण शिकारीचा नाद. इथे शिकारीला बंदी, म्हणून हिवाळ्यात बाहेरच्या देशात जायचा.

चार वर्षांपूर्वी त्याच्या मेहुण्याने स्वतःची जुनी रायफल विकायला आणली. पोलिसांच्या परवानगीचे कागद नंतर व्हायचे होते, आधी पसंती. स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत दोघे बसले होते. अरबाबने रायफल माझ्या हातात दिली. "तुमच्या मुलखात डुकरं मारतात ना? बघ."

मी ऐटीत बघितली. दस्ता अक्रोडाचा, गुळगुळीत. नळी आतून तेलाने निथळत होती. आमच्या कोकणात पावसाळ्यात दोन दिवस तेल चुकलं की बंदूक गंजलीच. ज्याची बंदूक तेलात, तो माणूस नेटका, हेच लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हणालो, "अरबाब, एक नंबर. मालकाने पोटच्या पोरीसारखी सांभाळलीय." मेहुणा खूश.

तेवढ्यात हमिदा कॉफी घेऊन आली. ट्रे ठेवला, पण आत जाईना. आपल्या भाषेत मला म्हणाली, "वाळूच्या मुलखात नळीत एवढं तेल कोण घालतो? तेलाला वाळू चिकटते. याने काहीतरी झाकलंय."

"गप गो. मी चांगली म्हणून बसलोय."

"तुम्ही बसलाय. मी उभी आहे."

"त्याचा मेहुणा आहे तो. दोघांचे व्हिसे जातील."

"आणि म्हाताऱ्याचा डोळा गेला तर?"

ती अरबाबकडे वळली आणि तिच्या त्या मोडक्या अरबीत म्हणाली, "बाबा, मी बघू?"

मेहुणा पोट धरून हसला. "उम्म सलीम, ही रायफल आहे. कांदा नाही." अरबाब हसला नाही. इतकी वर्षं तो तिच्या हातचं जेवत होता. म्हणाला, "दे तिला."

पुढे मी जे बघितलं ते माझ्याच बायकोने केलं, यावर आजही विश्वास बसत नाही. पस्तीस वर्षं जिच्या हातात मी लाटणं बघितलं, तिने नळीचं तोंड भिंतीकडे करून रायफल उघडली. करंगळी आत घालून रिकामी आहे का बघितली. नळीमागचा सरकता दांडा बाहेर काढून ट्रेवर कपाशेजारी ठेवला. ओढणीच्या टोकाने नाही हं, स्वच्छ फडकं मागून नळी पुसली. एकदा, दोनदा, पाचदा. काळं तेल निघतच होतं. मग नळी बाहेरच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटला. तिचा श्वास चाललाय की नाही तेही कळेना. मेहुण्याचं हसू हळूहळू उतरलं.

"नळीला पोट आलंय," ती म्हणाली.

तोंडापासून वीतभर आत एक काळं कडं दिसत होतं. आत वाळू अडकलेली असताना कुणीतरी बार काढला होता. नळी तिथे फुगली होती. बाहेरून हात फिरवला तर मला काही लागलं नाही. मेहुणा म्हणाला, "सावली असेल. बाईमाणसाला काय कळतं?"

हमिदाने वाद घातला नाही. काठीला घट्ट फडकं गुंडाळून ती नळीत घातली आणि काठी अरबाबच्या हातात दिली. "बाबा, तुम्हीच सरकवा." म्हाताऱ्याने दाब देत सरकवली. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि त्या जागी एकदम सैल. पुढे पुन्हा घट्ट. त्याने परत मागे ओढली. परत तेच. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अजून पन्नास बार निघतील तिच्यातून," मेहुणा पुटपुटला.

"मग तुम्हीच काढा," हमिदा म्हणाली. "मी लांब उभी राहते."

"खलास," अरबाब म्हणाला, म्हणजे बस झालं. मेहुण्याने रायफल उचलली आणि कॉफी न पिता गेला. वर्षभर फिरकला नाही.

खोलीवर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. भीतीने ओरडलो, खोटं कशाला लिहू. तिने ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच बापाची गोष्ट सांगितली. एका मोठ्या घराण्यातल्या माणसाने बंदूक दाखवायला आणली होती. बापाला नळीत चीर दिसली, पण समोरच्याची भीड पडली. "चालेल," म्हणाला. आठ दिवसांनी त्या माणसाचा पंजा उडाला. त्यानंतर बापाने कानस हातात धरली नाही. मरेपर्यंत एवढंच म्हणायचा, "माणूस भीड धरतो, पोरी. लोखंड धरत नाही."

आमचे व्हिसे राहिले. उलट त्या दिवसापासून हमिदा बोलायला आली की अरबाब हातातली तसबीहची माळ खाली ठेवून ऐकायचा. एवढा मान तो स्वतःच्या मेहुण्यालाही देत नव्हता.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं. "काही नाही, गॅस आहे," असं तोंडपाठ करत मी खाटेपाशी आलो. तिने विचारलं, "काय बोलला?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता आलं नाही.

"दोन महिने. फार तर."

तिने अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "सलीमला सांगितलंत?"

"नाही."

"मी सांगते. तुम्हाला जमायचं नाही."

तिनेच सांगितलं. सलीम रडला, तर त्यालाच समजावलं. मग त्याच्या दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि मला उभं करून स्वयंपाक शिकवला. हाडं दिसायला लागली होती, आवाज तोच. "एवढं मीठ? माझ्यामागे काय समुद्र पिऊन जगणार?" माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती पातेल्याकडे बघत होती. म्हणाली, "रडा नंतर. आता मोहरी तडतडलीय, डाळ टाका."