तिसरा तुकडा

मित्र दुकानात आला तेव्हा एका हॉटेलवाल्याच्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर माझ्यापुढे पोट फाडून पडला होता. आळेफाट्यावर दुकान टाकलं की हॉटेलवाल्यांचे कॅमेरे आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे प्रिंटर हेच नशिबी येतं. मी मान वर न करता म्हणालो, "बस, चहा सांग." तो बसला नाही.

"मला दादांचा आवाज पाहिजे," तो म्हणाला.

दादा म्हणजे त्याचे वडील. घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज कायमचा गेला. उभं आयुष्य मेंढरांमागं माळ तुडवण्यात गेलेला माणूस. त्यांनी बांधावरून हाक मारली की कळंबच्या अर्ध्या शिवारात ऐकू जायची. आता काही पाहिजे असेल तर ताटलीवर चमचा वाजवतात. मी भेटायला गेलो होतो तेव्हा माझा हात धरून त्यांनी बराच वेळ ओठ हलवले. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मी "हो, हो" करत राहिलो. घरी येताना फार वाईट वाटलं.

"बाप समोर बसलेला असतो," मित्र म्हणाला, "आन् त्याचा आवाज आठवायला गेलो तर आठवत न्हाई, राव. आपल्या साठवणीत टाकले व्हते मी व्हिडिओ. तेवढं काढून दे."

ही साठवण म्हणजे आमची जुनी खुमखुमी. कॉलेज संपल्यावर आम्ही पाच मित्रांनी ठरवलं, आपले फोटो आणि व्हिडिओ परक्या कंपनीच्या कोठारात कशाला? आपल्याच पाच घरांत ठेवू. प्रत्येकाच्या घरी एक छोटा डबा, डब्यात डिस्क, आणि पाचही डबे इंटरनेटनं जोडलेले. कुणीही काही टाकलं की त्याचे पाच तुकडे व्हायचे आणि एकेका घरी एकेक जायचा. तुकडा ज्याच्या घरी असेल त्यालाही तो उघडता यायचा नाही. पण पाचातले कोणतेही तीन तुकडे एकत्र आले की मूळ वस्तू पुन्हा अख्खी. "दोन घरं बुडाली तरी चालतंय," असं मीच छाती फुगवून सांगायचो.

बुडाली होती तीन. एक मित्र परदेशात गेला आणि जाताना डबा विकून मोकळा झाला. कळंबचा, म्हणजे ह्याच मित्राचा, डबा वळवाच्या पावसात वीज पडून जळाला. ज्या फोनवर हे व्हिडिओ काढले तो तर त्याआधीच विहिरीत गेलेला. पुण्याचा आणि नाशिकचा असे दोन डबे चालू होते, पण दोन तुकड्यांतून अर्धा व्हिडिओसुद्धा निघत नाही. एक शब्द निघत नाही. तिसरा तुकडा होता तो माझ्या डब्यात, मढच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीतल्या घरी.

तो बंद पडूनही काही पावसाळे उलटले होते. कौलं गळायला लागली तेव्हा आईनं तो काढून ठेवला, मी नेटचं रिचार्ज पुन्हा मारलं नाही, आणि बाकीच्यांनीही विचारलं नाही. नव्याचे नऊ दिवस कुणाला चुकलेत?

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघं मोटरसायकलवर ओतूरवरून मढकडे निघालो. आई अंगणात नाचणी पाखडत होती. डबा कुठे आहे विचारलं, तर हातातलं सूप न थांबवता म्हणाली, "हाय की. वर."

वर म्हणजे चुलीवरच्या माळ्यावर! आमच्याकडे पावसाळ्यात आगपेटी पेटत नाही, चपलांना बुरशी येते, पापड तर रुमालासारखा घडी करून ठेवावा. घरात कोरडी जागा एकच, चुलीच्या वरचा माळा. तिथं धुरात बियाणं असतं. भाताच्या आणि वरईच्या बियाण्यांच्या मडक्यांमध्ये, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं माझं मशीन बसलेलं होतं. लुगडं काजळीनं काळंकुट्ट झालेलं. माझं डोकंच फिरलं.

"आई, हे काय बियाणं आहे का गं? धुरात कशाला ठेवलंस? आतलं सगळं भाजून निघालं असेल!"

"भाजाया ती भाकर हाय व्हय? कडंला ठिवलंय, आच न्हाई लागत तिथं." सूप खाली ठेवून ती उठली. "तूच म्हणला व्हतास, लोकांची ठेव हाय, जप. मंग लोकांची ठेव काय वल्यात ठिवू?"

मित्र तोंड फिरवून हसला. मी त्याच्यावरही खेकसलो. वायर मात्र तिनं कोनाड्यातच राहू दिली होती, ती उंदरांनी खाल्लेली. मग मित्रानं तिला दादांचं सगळं सांगितलं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिली. निघताना पिशवीत तांदूळ घातले आणि त्यालाच म्हणाली, "निघंल रं बाबा. दर सालाला बी उगावतंय की. काळजी नको करू." डिस्क आणि बी यांत फरक असतो, हे तिला सांगायचं माझं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तिचंच ऐकत राहावंसं वाटत होतं.

दुकानात आल्यावर ब्रश आणि स्पिरिट घेऊन बसलो. काजळी चिकट होती. पिना खोडरबरनं घासून चकचकीत केल्या, दुसरी वायर जोडली आणि डिस्कला कान लावला. नुसतीच टकटक आली असती तर खेळ संपला होता. थोडी कुरकुरली, मग एकसुरात फिरायला लागली. धूर खाऊनही आत गंज नव्हता. सगळा पावसाळा अंगावर घेणाऱ्या घरात ती कोरडी राहिली होती.

"मग लाव की नेट," मित्र अधीर झाला. मी त्याचा हात धरला.

आम्हीच एक नियम केला होता. जे घर फार दिवस गैरहजर राहील ते मेलं असं धरायचं, आणि परत आलंच तर त्याच्याकडचे तुकडे शिळे समजून पुसायचे. तोवर बाकीच्यांनी हरवलेले तुकडे नव्यानं बनवलेले असणार, हा हिशेब. हिशेब बरोबरच होता, पण तीन घरं जिवंत आहेत असं धरून केलेला. मी नेट जोडलं असतं तर माझा आज्ञाधारक डबा दादांचा आवाज स्वतःच्या हातानं पुसून बसला असता. च्यायला, आपलंच शहाणपण असं आपल्या मुळावर येतं.

म्हणून आधी, नेट न लावता, सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. मध्येच अडकायची, रखडायची, पुन्हा चालायची. मित्र स्टुलावर बसून चहावर चहा पीत होता. मी मुद्दाम कॉलेजातल्या फजित्या काढल्या, त्यानं नुसतं "हं" केलं. उतरवून झालं, तेव्हा पुण्याच्या आणि नाशिकच्या दोघांना फोन करून पुसायचा नियम बंद करायला लावला. नाशिकवाला म्हणाला, "तुझा डबा अजून जिवंत आहे?"

"चुलीवर होता."

"काय?"

"नंतर सांगतो. आधी माझ्या घराचं नाव पुन्हा यादीत घाल."

तरी दोघांची मशीनं माझ्या डब्याला दारातून हाकलत होती. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, आतला छोटा सेल मेल्यानं डब्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागं गेलंय आणि त्याच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाहीये. घड्याळ लावलं. एकेक दिवा हिरवा झाला आणि तुकडे जुळायला लागले.

सगळं आलं नाही. डिस्कवरच्या काही जागा गेल्याच होत्या, आणि दादांचे बरेचसे व्हिडिओ त्यांतच अडकले. एकच अख्खा निघाला. मी तो लावायला गेलो तर मित्रानं माझ्या हातावर हात ठेवला. "हितं नको. घरी." त्यानं तो फोनवर घेतला, फोन वरच्या खिशात ठेवला आणि कळंबपर्यंत एक हात खिशावरच ठेवून माझ्यामागं बसला.

पोचलो तेव्हा मेंढरं वाड्यात शिरत होती. हल्ली बिबट्याच्या भीतीनं वाड्याला उंच जाळी केलीय. दादा अंगणात बाजेवर बसले होते. मित्रानं फोन त्यांच्यासमोर धरला आणि व्हिडिओ चालू केला.

पडद्यावर दादा कांद्याच्या बांधावर उभे होते. फोनकडे बघून लाजले, मग घराच्या दिशेनं तोंड करून, तोंडाशी हात धरून ओरडले, "अगं येऽऽ! च्या टाक! पोरगा माजा पिच्चर काढतोय!"

बाजेवरचे दादा आधी परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. मग त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मित्र रडत होता आणि हसतही होता. "हाच," म्हणत होता, "हाच आवाज."

तेवढ्यात आत भांडं वाजलं आणि मित्राच्या आईचा, काकूंचा, आवाज आला, "टाकलाय वो! आलेच!"

पदराला हात पुसत त्या उंबऱ्याशी आल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, मग दादांकडे. "तुमी वरडला व्हय?"

दादांनी फोनवर पालथा हात ठेवला आणि मान हलवली. हो.

"लई दिसांनी हाक मारलीत," काकू म्हणाल्या, आणि चहा आणायला आत गेल्या.